पुलाशी जुळलेली पायपेटी

माझ्या पाठीवर रचलेल्या चादरी पाहून तुम्ही मला मेज समजला असाल. मित्रांनो, मी मेज नव्हे. झाकण उघडलेत तर पिवळसर पट्ट्यांची रांग दिसेल, आणि खाली वाकलात तर पायांनी दाबायच्या दोन फळ्या. मी पायपेटी आहे. आता वृद्ध झाले आहे.

माझे निर्माते एक कारागीर होते. त्यांच्या कार्यशाळेत सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा गंध भरून राहिलेला असे. माझ्या उदरात पितळेच्या पातळ जिभा आहेत. भात्यातील वारा त्यांवरून वाहिला की सूर उमटतो. ती प्रत्येक जीभ त्यांनी कानाशी धरून, श्वास रोखून घासली. एखादी मनासारखी बोलेपर्यंत ते जेवायला उठत नसत. मी पूर्ण झाले तेव्हा त्यांनी मला विकले नाही. आपल्या एकुलत्या एका लेकीच्या स्वाधीन केले आणि म्हणाले, "जप हिला."

लेकीने मला जपले, परंतु आपल्या रीतीने. शहरातल्या मोठ्या पुलाखाली काही मंडळी सायंकाळी जमून संगीताचे नवे प्रयोग करीत. तेथे ना व्यासपीठ, ना पडदा. एक जण खांबावरून उतरलेल्या पाण्याच्या नळावर कापड गुंडाळलेल्या टिपऱ्यांनी वाजवी. त्याला सारे नळवाला म्हणत. लेक मला हातगाडीवर घालून तेथे नेऊ लागली.

मित्रांनो, त्या पुलाला कंठ होता. वर एखादे वाहन लोखंडी सांध्यावरून गेले की तुळया घुमत, आणि तो घुमार कितीतरी वेळ खांबांतून उतरत राही. त्यात अनेक सूर होते, आणि त्यांचे परस्परांशी नाते आमच्या सप्तकाहून किंचित निराळे होते. लेक खांबाला कान लावून बसे. अखेरीस एके दिवशी तिने कानस घेतली आणि माझ्या जिभा खरवडून पुलाच्या सुरांशी जुळवल्या.

एरवी मी आता वाकडी बोलत असे. मात्र पुलाखाली, बस येऊन घुमार उतरला की माझा सूर त्यात असा मिसळे, की मी कोठे संपते आणि पूल कोठे सुरू होतो, हे मलाही उमगत नसे. कोणी मध्येच टाळी वाजवली, की नळवाला दटावी, "थांबा हो! बस येतेय, आता तिची पाळी आहे." आणि श्रोते हसून खरोखरच बसची वाट पाहत. माझ्या आयुष्यातील धन्यतेचे दिवस ते हेच.

पण निर्मात्यांनी घरी माझे झाकण उघडले आणि एक पट्टी दाबली. त्यांचा चेहरा उतरला.

"कानस घातलीस? जिभा छाटल्यास तिच्या?"

"बाबा, एकदा खाली येऊन ऐका तरी. पुलाबरोबर ऐका."

"मग पुलालाच सांग ना, नवी पेटी करून दे म्हणावं!"

त्यानंतर ते माझ्याकडे पाहीनासे झाले. बापलेकींचे बोलणे जेवणापुरते उरले. बाबांनी एकदा, एकदाच पुलाखाली यावे, एवढीच लेकीची इच्छा होती.

आमच्या श्रोत्यांत पुलाची देखभाल पाहणारे एक अभियंते होते. मोठा सज्जन माणूस. पुढे बसून डोळे मिटून ऐकत. ते एकदा कळवळून म्हणाले, "ताई, तुम्ही इतकं सुरेख वाजवता, आणि वरून ही धडधड! मी बघतो काय करता येतं ते." लेकीला तो शिष्टाचार वाटला. ती नुसती हसली.

पुढे डागडुजीसाठी पूल बंद झाला. तो ज्या दुपारी खुला व्हायचा होता, त्याच सायंकाळचा कार्यक्रम ठरला. लेकीने पुन्हा विनवले आणि बाबा अखेर म्हणाले, "येतो. पण पुन्हा म्हणून विचारायचं नाही."

ते आले. तिने त्यांना अगदी माझ्याजवळ बसवले. खांबांना नवा रंग होता. अधिक काही तिच्या दृष्टीस पडले नाही. पहिला सूर धरून ती बसची वाट पाहू लागली. बस आली, कापसावरून जावी तशी गेली. सांध्यात रबर बसले होते. पूल मुका झाला होता.

लेकीचे पाय फळ्यांवर चालत राहिले. माझा उघडा, वाकडा स्वर खांबाखांबांवर आपटत राहिला. श्रोत्यांना तोही प्रयोगच वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अभियंते पुढे आले, त्यांचे डोळे आनंदाने भरले होते. "आता कसं स्वच्छ ऐकू येतं, नाही?"

बाबांनी टाळी वाजवली नाही.

परतताना लेक म्हणाली, "बाबा, पूल गात होता हो. खरंच गात होता."

"असेल हो बाळ," ते मऊपणाने म्हणाले. त्यांच्या रागात तरी वाद घालायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कार्यशाळेत घेतले. खरवडलेल्या जिभा काढून नव्या बसवल्या. लेकीसाठी पुन्हा काही करता येते आहे या सुखाने ते स्वतःशीच गुणगुणत होते. लेक दारात उभी होती. तिने ओठ उघडले, त्यांच्याकडे पाहिले आणि मिटले.

"जमलं का गं?"

तिने एक पट्टी दाबली. "जमलं, बाबा." मग झाकण लावले, ते पुन्हा उघडले नाही.

आज माझा एकही सूर ढळलेला नाही, आणि मला कोणी वाजवीत नाही. पूलही सुस्थितीत आहे. आम्हा दोघांची निगा प्रेमानेच राखली गेली. दोष तरी कोणाला द्यावा? म्हणून, मित्रांनो, एवढेच मागते. एखाद्या वस्तूला दुरुस्त करायला हात पुढे कराल, तेव्हा ती खरोखर मोडली आहे का, हे आधी कोणाला तरी विचारा. आणि ज्याला विचाराल, त्याचे उत्तर संपेपर्यंत थांबा.