दुसरा बोकड

“पण मग दुसऱ्या बोकडाचं पुढं काय झालं?”

प्रश्न तोंडातून सुटला तेव्हा ललिता बोकडाकडेच पाहत होती — फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवलेला, तपकिरी कापडाचा, तळहाताएवढा बोकड. एक शिंग कात्रीने जरा जास्तच कापलं गेलेलं. पाठीचं खरखरीत अस्तर झिजल्यामुळे तो थोड्या थोड्या वेळाने फळ्यावरून सुटायचा नि कुणाला कळू नये अशा बेताने खाली घसरायचा, आणि चर्चचे रंगनाथ पाळक बोलता बोलता त्याला अंगठ्याने परत दाबायचे. पहिला बोकड पक्का बसला होता. त्याच्या गळ्यापाशी लाल लोकरीचा तुकडा होता, रक्त म्हणून. या दुसऱ्याला काहीच नव्हतं. नुसता बोकड.

विचारलं! खरंच विचारलं की मी! ...मागे सतरंजीवर पिंकी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. पैज तिचीच. “संमेलनात अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलंस ना, मग पाळकांना विचारून दाखव. विचारलंस तर द्वारका चौकातली भेळ माझ्याकडून. नाही विचारलंस तर उद्या पाण्यात पहिली तू.” उद्या रविवार, उद्या बाप्तिस्मा, गंगापूर धरणाच्या पाण्यात, ऐन जानेवारीत, पिंकीच्या मते त्या पाण्यात पाप थंडीनेच मरणार होतं, प्रार्थनेपर्यंत वेळच येणार नव्हती.

आपला आवाज पत्र्याच्या छताला लागून परत आला तो ललिताला आवडला. गेल्या वर्षापर्यंत हा आवाज कुठे होता कोण जाणे — वर्गात नाव पुकारलं तरी ‘हजर’ हा शब्द ओठांतच मरायचा. आणि आता हा असा, आधी बाहेर पडतो, मग मला विचारतो, येऊ का म्हणून.

पाळकांनी चष्मा काढला. रागावले नव्हते. “परत सांगतो, नीट ऐका. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, यहुद्यांचा महायाजक दोन बोकड उभे करी. चिठ्ठ्या टाकी. एक देवासाठी — त्याचा वध, त्याचं रक्त पडद्याआड, परमपवित्र जागी. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवी, आणि एका माणसाकरवी त्याला रानात सोडून देई. पुढं काय झालं ते शास्त्रात नाही. तो गेला, एवढंच आहे.” मग, मुलांना सांगावं की नाही अशा आवाजात, “यहुदी गुरूंनी मागाहून लिहून ठेवलंय, पुढच्या काळात त्याला कड्यावरून लोटून देत. वस्तीत परत येऊ नये म्हणून.”

पाळकांनी चष्मा परत चढवला.

“पण आपल्याला आता त्याचं काय? ती सावली होती. वस्तू नंतर आली. येशू दोन्ही झाला — रक्त सांडलं तो पहिला, आणि सगळ्यांचं पाप माथ्यावर घेऊन वेशीबाहेर गेला तो दुसरा. एकदाच, सगळ्यांसाठी. म्हणून आता बोकड नको, कोंबडं नको, काही नको.”

कोंबडं म्हणताना ते डोंगराकडून आलेल्या मुलांकडे पाहत होते; म्हणजे ललिताकडे. पैज केव्हाच जिंकून झाली होती, आता गप्प बसायला हरकत नव्हती. पण आवाज...

“आणि त्याला सोडायला जाणारा माणूस?”

“तो कपडे धुऊन, अंघोळ करून मगच छावणीत परत यायचा.”

“त्याचं नाव काय होतं?”

“नाव दिलेलं नाही, बाळा,” पाळक म्हणाले, आणि बोकड पुन्हा सुटला.

कपडे धुऊन. अंघोळ करून. ...ओहळाचं पाणी, आणि त्यात कमरेपर्यंत उभा आजा, धोतर दगडावर आपटतोय आणि मध्येच हात थांबवून मी काठावर नीट बसलेय की नाही ते पाहतोय... ही ओळ पाळकांच्या तोंडी कशी आली? हे तर आमचं आहे. हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पिंकीने वचन पाळलं. द्वारकेच्या कोपऱ्यावर, ट्रकांच्या भोंग्यांत, कागदाच्या द्रोणातली भेळ खाताना ती सारखी नक्कल करत होती — “त्याचं नाव काय होतं? आधार नंबर कुठला? गाव कुठलं? काय गं गुप्तहेर, खटला भरणारेस का बोकडाचा?”

गुप्तहेर! किती वर्षांनी काढलं हिने ते नाव. सुरगाण्याहून आले तेव्हाची गोष्ट. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर पाल चढताना दिसली आणि मी जोरात ओरडले, “हेर, हेर!” — आमच्याकडे हेर म्हणजे बघ. चंद्र हेर. बैल आला का हेर. झोपलीस का हेरायला आले. दुसरा शब्दच नव्हता डोळ्यांसाठी. वर्ग खदखदून हसला, आणि वर्षभर मी गुप्तहेर होते. मग मी बघू लागले. पाहू लागले. घरीसुद्धा. आई-बाबाही बघू लागले. केव्हापासून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता पिंकीने तेच नाव घेतलं आणि ललिता हसली, खरंच हसली, शेव नाकात जाईपर्यंत. पण हसता हसता आत काहीतरी राहून गेलं, दातात अडकल्यासारखं.

पुलावरून पंचवटीकडे एकटी चालताना ते सुटून आलं. खाली गोदावरीच्या पायऱ्यांवर कुणी डोकं भादरून बसलेलं, गुरुजी दर्भ मांडत होते, भाजीबाजारातून मेथीच्या जुड्या डोक्यावर घेतलेली बाई वाट मागत होती — आणि ललिता चालत होती दुसऱ्याच रस्त्याने, नव्हे, चालतच नव्हती, ती आजाच्या खांद्यावर होती.

ताप. किती दिवसांचा ते आईला ठाऊक. भगताने सांगितलं, कोंबडीचं पिल्लू पोरीवरून ओवाळ आणि शिवेपलीकडे सोड, मारू नको, रोग घेऊन जाईल ते. आजाने — मंगळू त्याचं नाव, त्याचं नाव आहे, मंगळू — एका हातात टोपली घेतली आणि मला खांद्यावर घेतलं, कारण मी त्याला सोडत नव्हते. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. शिवेच्या दगडापुढे त्याने टोपली उलटी केली. “चल,” तो पिल्लाला म्हणाला, की मला? मग वळला. “मागं हेरू नोको, पोर. अजिबात हेरू नोको. हेरलं का येतं ते मागं.” मी डोळे गच्च मिटले, त्याचे केस मुठीत धरले. मागे चिवचिव सुरू झाली. बारीक, हाक मारल्यासारखी. आणि तेव्हा माझ्या मांड्यांच्या मध्ये आजाची मान... वळली.

हळूच. पूर्ण. आणि बराच वेळ तशीच राहिली.

त्यानेच सांगितलं होतं ना, हेरू नोको? आणि तोच... त्याच्या मानेची शीर उडत होती ती मला लागत होती. मग ओहळ, अंघोळ, ओलं धोतर, घर. ताप गेला.

ताप गेला हे सगळ्यांना मान्य आहे. दर वर्षी बाबा मंडळीत उभे राहून साक्ष देतात — माझी मुलगी मरणाच्या दारात होती, प्रार्थना करणारे भाऊ त्याच आठवड्यात आमच्या पाड्यावर आले, त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, प्रभूने तिला उठवलं. लोक हालेलुया म्हणतात. बाबांचा आवाज दर वर्षी त्याच जागी फुटतो, आणि तो खोटा फुटत नाही. मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं. पण त्या साक्षीत पिल्लू नसतं. शीव नसते. तो माणूस नसतो. गेला, एवढंसुद्धा नसतं.

जीपवाल्यांच्या नाक्यावर एक पोरगा दाराला लोंबकळून ओरडत होता, “सुरगाणा, सुरगाणा, उंबरठाण!” ललिताचे पाय थांबले. याच जागी. दोन दिवाळ्यांमागे आजा इथे उतरून घरी आला होता — पिशवीत नागलीचं पीठ, काखेत कोंबडा. “पोरीच्या नावचा हाय,” म्हणाला, “दर साली असतो. या साली म्हटलं, तुमीच कापा, मी कुठवर.” बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. “बा, हे आता आमच्यात चालत नाय. सगळ्यांसाठी एकदाच झालंय ते.”

“एकदाच?” आजाने खरोखरीच नवल वाटून विचारलं होतं. “मंग दर रईवारी काय करतास रं, यादू?”

आईने चहा दिला. तो आजाने बशीत ओतून सावकाश प्यायला, पीठ ठेवलं, कोंबडा उचलला. मी नाक्यापर्यंत आले होते. जीपच्या मागच्या फळीवर तो बसला, मांडीवर कोंबडा, वाऱ्याने तुरा हलत होता. मी वाट पाहत होते. आता मान वळेल. वळणापाशी तरी. मी हातसुद्धा अर्धा वर करून ठेवला होता...

त्या दिवशी त्याने मागे हेरलं नाही.

घरी आई भाकरी थापत होती. बाबा द्वारकेच्या ट्रान्सपोर्टमधल्या कामावरून लवकर आले होते, उद्यासाठी पांढरी साडी उसनी आणली होती ती त्यांनी स्वतः इस्त्री करून खुंटीला लावली होती, घडी मोडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र. हा माणूस वाईट असता तर किती सोपं होतं सगळं.

“साक्ष पाठ झाली का?” बाबांनी विचारलं. “म्हण एकदा. तिथं माईक असतो, घाबरायचं नाय.”

“मी आणि घाबरणार?” ती हसली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. “मी ललिता यादव, लहानपणी मी मरणाच्या दारात होते. प्रार्थना करणारे भाऊ आले, त्यांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात...” आणि दोन्ही हात म्हणताच तिला फळ्यावरचा तो आठवला, काहीच लाल नसलेला. “...आणि त्याआधी आजा मला खांद्यावर घेऊन शिवेपर्यंत गेला. एक पिवळं पिल्लू होतं. ते त्याने माझ्यावरून ओवाळून सोडलं.”

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तसा आईने ती उलटली, आणि चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाली, “काळं होतं.”

“वत्सला,” बाबा म्हणाले.

“काळं होतं. पिवळं नव्हतं. माझ्याच कोंबडीचं होतं, मला ठाऊक नसंल का?”

बाबा खाली बसले. त्यांनी इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं. मग, मंडळीत जिथे फुटतो त्याच आवाजात, पण अगदी हळू, “मग बरं कुणी केलं तुला, ललिता? पिल्लानं?”

उत्तर येईल असं तिला वाटलं होतं. हल्ली येतं ना सगळं आपोआप. पण ते आलं नाही, आणि आलं नाही याची लाजही वाटली नाही. आत एक मोकळी जागा होती, शिवेपलीकडच्यासारखी, नि तिथे बारीक चिवचिव चालू होती, आणि या वेळी डोळे मिटावेसे वाटत नव्हते.

“ते मला नाही माहीत, बाबा. येशूनेच केलं असेल. मी मानते त्याला, तुमच्यासाठी नाही, माझं मी मानते. तो वेशीबाहेर गेला म्हणतात ना... मग तिथं बाहेर कुणी दुसरं उभं असेल तर त्याला तो दिसलाच असेल की.” श्वास घ्यायला ती थांबली. “पाणी घेणारच आहे मी. पण उद्या नाही. धरण कुठं पळून जात नाही.”

“पाळकांना काय सांगू मी?” बाबांचा चेहरा एकदम लहान दिसला. “सगळ्यांना सांगून झालंय. आणि उद्या कुठं जाणारेस तू?”

“सकाळच्या जीपने,” ती म्हणाली, आणि पुढचा शब्द, नाशिकचा, गुळगुळीत, तिच्या ओठांवर तयारच होता, ‘बघून’, पण आवाज नेहमीसारखा तिच्याआधी बाहेर पडला, “आजाला हेरून येते.”