खांद्याची शैली नेमकी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. मला चौकट आहे, कडी आहे, पितळी मूठ आहे. नाही ती फक्त भिंत. मागून दोन तिरके टेकू ठोकले, की मी माळरानावरही ताठ उभा राहतो. एकदा तसाच उभा होतो, तर एका वाटसरूने मला अदबीने टकटक केली आणि दार उघडेपर्यंत उन्हात थांबला. बाजूने चालत जावं हे त्याला सुचलं नाही. आता यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म ओल्या लाकडातून झाला, हाच माझा दोष. ज्या घरासाठी मला घडवलं, त्या घरमालकाने मला एकदा उघडून पाहिलं, दोनदा ओढून पाहिलं आणि परत पाठवलं. सुताराच्या दुकानात मी वाट अडवून पडलो होतो. त्या सुताराची बहीण एका दिग्दर्शकाला दिलेली. हा दिग्दर्शक म्हणजे खिशात दमडी नसताना राजवाडे दाखवणारा माणूस. सुतार त्याला म्हणाला, "भावोजी, एवढं धूड उचला इथून. अडकतं, पण दिसायला दरवाजा आहे."

"दिसायलाच हवाय," भावोजी म्हणाले, आणि मी सिनेमात आलो.

दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. वहिनी मला रंगवत असत. राजवाड्याला सोनेरी, तुरुंगाला काळा, इस्पितळाला पांढरा. जुना रंग खरवडायला वेळ कुणाला होता? रंगावर रंग चढत गेला, तसा मी फुगत गेलो आणि चौकटीत जास्तच घट्ट बसू लागलो. मग माझ्यातून आत यायची एकच रीत उरली. मूठ धरून मला जरासं वर उचलायचं, खांद्याने दणका द्यायचा आणि तोल सावरत आत शिरायचं. नवा नट आला, की दादा त्याला आधी हेच शिकवत. "उचल, खांदा, आत! संवाद नंतर पाठ कर."

राणी तशीच आत आली, जेलर तसाच आला, डॉक्टरीणबाईही तशाच आल्या. एका सिनेमात भूत होतं. भुताचा नट म्हणाला, "दादा, मी भूत आहे. मी आरपार जाईन ना?"

"भिंत असती तर गेला असतास," दादा ओरडले. "दार आहे. खांदा लाव!"

आणि इथेच माझ्या आयुष्याचा घात झाला. एका समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिलं, की या दिग्दर्शकाची माणसं जगात सहज प्रवेश करत नाहीत, ती खांद्याने स्वतःची जागा करून घेतात. दादांनी ते तीनतीनदा वाचलं.

"अगं, म्हणजे काय म्हणायचंय याला?"

"दार अडकतं, ते आवडलंय त्याला," वहिनी म्हणाल्या.

पण दादांच्या कानात वारं शिरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या खांद्याच्या दणक्याला 'माझी शैली' म्हणू लागले. सत्कार झाले, हार पडले. आणि या सगळ्यात भाव कुणी खाल्ला? कॅमेऱ्याने! दादा त्याला 'राजा' म्हणत. त्याला मखमली अस्तराची पेटी. थेंब पडले की चार माणसं त्याच्यावर छत्री धरायला धावत, आणि मी बाहेर भिजत, आणखी फुगत. राजाने करायचं काय, तर टक लावून बघायचं. दणके मी खायचे! मित्रांनो, मत्सर वाईट असतो हे मलाही माहीत आहे. पण माझ्या बिजागऱ्यांना विचारा, किती जळल्या त्या.

पुढे सिनेमे थांबले. राजा दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जाऊन बसला. मला गोदामात टेकून ठेवलं. शेजारच्यांनी माझ्यावर ओल्या गोधड्या वाळत घातल्या.

मग एके दिवशी चष्मा लावलेली एक मुलगी आली. ती दादांच्या आयुष्यावर माहितीपट काढणार होती. मी मनात म्हटलं, आता तरी कुणीतरी माझं नाव घेईल. शूटिंग गोदामातच होतं. माझ्या मागे टेकू ठोकले, आणि राजालाही कपाटातून काढून तिवईवर बसवलं. कुठे? नेमकं माझ्यासमोर!

मुलीने विचारलं, "सर, ही खांद्याची शैली तुम्हाला सुचली कशी?"

मी श्वास रोखला. दादांनी राजाच्या पाठीवर हात ठेवला. "याच्या डोळ्यातून माणसं बघता बघता सुचली," ते म्हणाले.

वहिनी मागे बसल्या होत्या. त्यांना मोठा ठसका लागला.

"पाणी देऊ का?" मुलीने विचारलं.

"नको गं. गिळतेय," वहिनी म्हणाल्या.

शेवटचा प्रसंग दुसऱ्या दिवशी होता. दादांनी स्वतः आपल्या शैलीत माझ्यातून आत यायचं होतं. सकाळी माहितीपटवाल्यांच्या सुताराने मला ओढून पाहिलं. भला माणूस होता. "म्हाताऱ्या माणसाला केवढा त्रास!" म्हणाला, आणि रंधा काढला. माझी कड तासली, बिजागऱ्यांना तेल पाजलं. मी किती कुरकुरलो! त्याला वाटलं, तेल कमी पडलं. खरं सांगू? इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता, म्हणून मी फार ओरडलोही नाही.

"चला सर!" मुलगी म्हणाली.

दादांनी मूठ धरली, मला वर उचललं आणि खांद्याचा दणका दिला. मी पिसासारखा उघडलो. दादा गोळ्यासारखे आत आले आणि थेट राजाच्या गळ्यात पडले. राजा, तिवई, दादा, सगळे जमिनीवर. दादांना खरचटलंसुद्धा नाही. राजाच्या काचेला मात्र तडा गेला. मला वाईट वाटलं असं खोटं मी सांगणार नाही.

सगळे राजाला उचलायला धावले. दादा मात्र बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होते.

"माझा दरवाजा कुणी तासला?"

सुतार पुढे आला. "काका, अडकत होता, म्हणून…"

"अरे, अडकत होता म्हणूनच मी दिग्दर्शक झालो!"

मुलीचा कॅमेरा चालूच होता. "सर, म्हणजे ती शैली…"

"सांगा आता," वहिनी म्हणाल्या. "माझा ठसका तरी थांबेल."

दादांनी माझ्या पायाशी पडलेलं एक सालपट उचललं. त्यात सोनेरी, काळा, पांढरा असे थर दिसत होते. ते त्यांनी मुलीसमोर धरलं. "शैली म्हणतात ती ही. सगळी खाली पडली बघ." मग त्यांनी ओल्या लाकडापासून भुतापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना एक हात माझ्या तासलेल्या कडेवर होता. राजाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

माहितीपट लोकांना आवडला. शेवटच्या नामावलीत माझं नावही आलं, 'दरवाजा' असं स्वच्छ अक्षरांत. पण कुठे? कॅमेऱ्याच्या खाली! आता मी बोट लावलं की उघडतो, त्यामुळे येणारे-जाणारे माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू अडत असेल, कुरकुरत असेल. तिला पुसा, तेल द्या. पण रंधा हातात घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, की तिच्या अडण्यावर कुणाचं काय उभं राहिलंय. आणि तिचं कौतुक करायचं असेल, तर ती अडत असतानाच करा. जमलंच, तर कॅमेऱ्याच्या आधी करा.