मालतीकडून आलेली चेरी

धुरपदाबाईंचा स्वभाव मुळातच संशयी, त्यात सुरतेत नुकतीच प्लेगची हाकाटी होऊन गेलेली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

शनिवारी त्यांनी शेजारच्या मालतीला वाटीभर फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, दिले होते. सोमवारी नळावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आणि मंगळवारी वाटी परत आली ती लाल फळांनी भरून. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हे खरं. पण माणूस गुळाचा खडा ठेवतो, चिमूटभर साखर घालतो. ही फळं तर खाडीकाठी आपोआप उगवलेल्या त्या रानटी झाडाची! त्याला वटवाघळं लोंबकळायची. गल्लीतली पोरं त्याला चेरी म्हणत आणि दिवसभर खात. पण पोरं काय, खडूही खातात.

घरात सून हर्षदा सात महिन्यांची पोटुशी. मागच्या खेपेला पोटातलं राहिलं नव्हतं. तिने एक फळ उचललं मात्र, धुरपदाबाईंनी हातावर फटका मारला.

"आत्याबाई, चेरी आहे ती. गोड लागते."

"गोड शे म्हनीसनच भेव वाटस!"

भांडणाचा सूड कोणी पोटातल्या जिवावर काढतं का? काढतं, धुरपदाबाईंची खात्रीच होती. वाटी घेऊन त्या तरातरा मालतीच्या दारात गेल्या. तिचा नवरा लोटू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला असे. प्लेगच्या भीतीने बंद झालेला कारखाना अजून उघडला नव्हता, म्हणून तो चार दिवस कडोदऱ्याला काम शोधत हिंडत होता. धुरपदाबाईंना हे ठाऊक होतं, पण रागात असलं कोणाला सुचतं?

"पहिले तू खाय. मना डोयासमोर!"

मालतीचा चेहरा पडला. सापडली, धुरपदाबाई मनात म्हणाल्या.

मालतीने एक फळ तोंडात टाकलं. मग दुसरं. मग ती खालीच बसली आणि मुठीने खाऊ लागली. वाटीचा तळ दिसला तेव्हा कुठे ती भानावर आली आणि लाजेने चूर झाली.

"हर्षदानी व्हती ना ती चेरी, मीच खाई टाकी, मावशी... घरमा दुसरं काहीच नही व्हतं, वाटीमा घालाले."

धुरपदाबाईंनी आत पाहिलं. चूल सारवलेली, कोरडी ठणठणीत. राख नाही, धूर नाही.

"चूल पेटाडी किती दिन व्हयनात?"

मालतीने रिकामी वाटी पुढे केली. धुरपदाबाईंना स्वतःची इतकी शरम वाटली की तिच्याकडे बघवेना. त्यांनी तिथूनच हाक मारली,

"हर्षदा, ताट वाढ वं! मालती जेवाले ई ऱ्हायनी."