मैदानाच्या फाटकावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझी कडी कापलेली आहे आणि पोटात मोडक्या किल्लीचा तुकडा अडकलेला आहे, त्यामुळे आता माझा कुणालाच धाक वाटत नाही. शाळेतल्या खेळाच्या खोलीच्या खिडकीत मी पडून असतो. चेंडू न्यायला आलेली मुले मला उचलतात, हातात तोलून पाहतात आणि विचारतात, "हे भंगार कशाला ठेवलंय इथे?" कशाला ते सांगतो. सांगताना मान वर होणार नाही, पण सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथला कारागीर कानस घेऊन तासन्‌तास माझ्या कडा घासत बसे. मी तयार झालो तेव्हा त्याने मला लावले, दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिले आणि खुशीत म्हणाला, "वा! हा गडी एकदा लागला की लागला." जगात ऐकलेले माझे पहिले कौतुक ते. बंद राहणे हाच आपला मोठेपणा, असे माझ्या मनाने तेव्हाच घेतले.

शाळेत मला प्रयोगशाळेच्या दाराला लावले होते. ते दिवस चांगले होते. एकदा सुट्टीत चोर आला. त्याने मला दगडाने ठोकले, पहारीने पिरगाळले, शेवटी शिव्या घालत निघून गेला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मला थोपटून म्हणाल्या, "शाबास रे पठ्ठ्या!" त्या शाबासकीने मी पुरता फुगलो.

शाळेत तेव्हा तिसरीत एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत. ती चालताना कधी कुणी पाहिली नव्हती. ती यायची पळत आणि जायचीही पळत. एका दुपारी मैदानातल्या लोखंडी कमानीवर ती उलटी लटकली, हात सुटला आणि खाली पडली. मनगट मोडले.

भिंगरीची आई शाळेत आली ती कडाडतच. "मुलं सांभाळता येत नसतील तर शाळा कशाला काढली? उद्या कुणाची मान मोडली म्हणजे जागे होणार का तुम्ही?" आई गेल्यावर मोठ्या बाईंनी मला प्रयोगशाळेवरून काढायला लावले आणि मैदानाच्या फाटकाला अडकवले. खेळाचे सर कळवळून म्हणाले, "बाई, मैदानच बंद केलं तर मी शिकवू काय?"

"तात्पुरतं आहे हो," मोठ्या बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या 'तात्पुरतं'मध्ये किती वर्षे मावली म्हणून सांगू! खेळाचा तास गणिताने गिळला. खेळाच्या सरांची नेमणूक गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर होऊ लागली. त्यांची शिट्टी टेबलाच्या खणात गेली. मैदानात गवत गुडघ्याएवढे झाले.

प्लॅस्टर निघाले त्याच दिवशी भिंगरी फाटकाशी आली. तिने मला गदागदा हलवले. मग इकडेतिकडे बघून तोंड अगदी जवळ आणले आणि म्हणाली, "उघड ना रे. मी कमानीवर नाही चढणार. नुसती पळेन."

मी हललो नाही. उलट मला अभिमान वाटला. चोराला दाद दिली नाही, ही तर एवढीशी पोर! ती कितीतरी दिवस येत राहिली, मग यायची थांबली. माझी सरशी झाली असे मी समजलो.

आता मधल्या सुट्टीत मुले व्हरांड्यात भिंतीला टेकून बसत. पळाले की ओरडा बसे, बसले की कुणी काही म्हणत नसे. व्हरांड्याच्या टोकाला खाऊची खिडकी होती. तिथले काका तळलेले, खारवलेले, साखरेत घोळवलेले काय काय विकत आणि वर फसफसणाऱ्या गोड बाटल्या. मुलांना दुसरा उद्योगच नव्हता. घरी गेल्यावर शिकवणी, शिकवणी संपली की मोबाइलचा पडदा. फाटकावर लटकल्या लटकल्या मी त्यांना वर्षावर्षाने जड होताना पाहिले. भिंगरीलाही पाहिले. ती आता सातवीत होती आणि माझ्याकडे पाठ करून बसत असे. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून कठड्याला धरून उभी राही. वर्गातली मुले तिला अजूनही भिंगरीच म्हणत, पण म्हणताना हसत. नाव तेच होते मित्रांनो, आणि आता ते टोचत होते. ती ऐकून न ऐकल्यासारखे करी आणि खाऊच्या पाकिटात हात घाली.

तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. प्रयोगशाळेवर असताना मी चोराला अडवले होते. इथे मी कुणाला अडवत होतो?

त्या वर्षी मुलांची तपासणी करायला नवीन नर्सताई आल्या. त्यांनी वजनकाटा पडद्याआड ठेवला. एक मुलगा बाहेर येऊन ओरडला, "ताई, भिंगरीचं किती भरलं सांगा ना!" ताई म्हणाल्या, "तुझं तुला ठाऊक, तिचं तिला. इथे काय बाजार भरलाय?" तपासणी संपल्यावर मोठ्या बाईंना घेऊन त्या थेट माझ्यासमोर आल्या.

"बाई, तुमची मुलं एक जिना चढली की धापा टाकतात. एकदोन नव्हे, वर्गच्या वर्ग. हे फाटक उघडा."

"आणि पुन्हा कुणी पडलं तर? पालक मला फाडून खातील."

"पडतील ना. मोडलेला हात लगेच दिसला, म्हणून आपण धावलो. हे जे आतल्या आत बिघडतंय ते दिसत नाही, म्हणून कुणी धावत नाही."

मोठ्या बाईंनी आतल्या गवताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पालकांना बोलावते. त्यांनी हो म्हटलं तर उघडते."

पालकांची सभा फाटकाशेजारच्या दालनात झाली. खिडक्या उघड्या होत्या, मला सगळे ऐकू येत होते. नर्सताईंनी सांगितले, की जाड मुलांना वेगळे काढून पळवायचे नाही, कुणाला उपाशी ठेवायचे नाही. सगळ्या शाळेने रोज खेळायचे, तहानेला पाणी प्यायचे, खाऊची खिडकी सुधारायची, आणि घरीही तेच चालू ठेवायचे. कुणी म्हणाले, अभ्यासाचे काय? कुणी म्हणाले, ऊन लागेल. मला वाटले, झाले, मी आता इथेच गंजून मरणार.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. भिंगरीची आई!

"ते कुलूप माझ्यामुळे लागलंय," त्या म्हणाल्या. "मी येऊन भांडले होते. पोरीच्या हाताला पुन्हा काही होऊ नये म्हणून. आता घरी तिला सारखी बोलते, हे खाऊ नकोस, ते कमी घे. काल तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, 'आई, तू जेवण बंद करतेस, शाळेनं मैदान बंद केलं. मी करू तरी काय?' उघडा हो ते फाटक."

मोठ्या बाई उठल्या. "तुम्ही एकदाच भांडलात. मी रोज त्या फाटकावरून जात होते. उघडायला मला कुणी अडवलं होतं?"

आणि मी? मला वाटले, मला तोंड असते तर मीही उठून उभा राहिलो असतो.

सभेने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी किल्ली आली. मी पहिल्यांदाच मनापासून उघडायला निघालो आणि मला उघडता येईना! आतल्या लोखंडी भागांना गंज चढला होता. सरांनी तेल सोडले, ठोकले, फुंकले. किल्ली माझ्या पोटातच मोडली. बुटांच्या नाड्या आवळून मुले मागे खोळंबली होती. शेवटी सरांनी लोखंड कापायची करवत आणली. ती कडीवर फिरताना फार दुखले, पण मी मनात म्हणत होतो, थांबू नका सर, थांबू नका.

मी खाली पडलो आणि मुले लोंढ्यासारखी आत घुसली. भिंगरी मात्र फाटकाशीच उभी. सरांनी शिट्टी वाजवली. "आज पळायचं नाही. जोडीनं, गप्पा मारत चालायचं. बोलताना धाप लागली तर हळू व्हायचं. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही." मग ते तिच्याजवळ गेले. "चल, माझी जोडीदार हो. मलाही आता दम लागतो." ती हसली आणि आत गेली. त्या संध्याकाळी सरांनी मला उचलले आणि 'विसरायला नको' म्हणत खेळाच्या खोलीच्या, फाटकाकडे उघडणाऱ्या खिडकीत ठेवले.

खाऊच्या खिडकीतले काका मात्र फुरंगटले होते. "चिरलेली फळं कोण खातंय? माशाच बसतील!" आठवड्याभरात मुले खिडकीशी रेटारेटी करू लागली आणि काका ओरडू लागले, "अरे, सालं काढू तरी द्या!"

भिंगरी बारीक झाली का, असे तुम्ही विचाराल. फारशी नाही. पण जिना ती आता एका दमात चढते, आणि धावायला लागली की वाऱ्यावर आलेला तिचा आवाज मला खिडकीत ऐकू येतो.

एवढे ऐकून तुम्हाला वाटेल, शेवट गोड झाला. परवा एक तरुण मामा आपल्या भाचीला न्यायला आला होता. याच शाळेत शिकलेला. चांगलाच जड, कपाळावर घाम. फाटकाशी येऊन तो थबकला. आत मुलांचा गलका चालला होता. त्याने सरांना विचारले, "हे कधी उघडलं हो?"

सरांनी सांगितले. "आमच्या वेळी बंदच होतं," एवढेच तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. राग असता तर मला सोसले असते. भाचीचे दप्तर खांद्याला लावून तो सावकाश निघून गेला.

मित्रांनो, त्याची वर्षे मी त्याला कुठून परत देऊ? तुमच्या शाळेच्या मैदानाला कुलूप असेल, तर ते आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका. आम्ही कुलपे आपोआप उघडत नाही. मोठ्या माणसांकडे जा आणि विचारा, "हे कधी उघडणार?" 'तात्पुरतं आहे' असे उत्तर मिळाले, तर उद्या पुन्हा जाऊन विचारा.