झाडोऱ्याची राखण

मंगळवारपासून हॉइट प्रुइटचा पाय घरात ठरत नव्हता. कॉफी ओतायची, दोन घोट घ्यायचे, की चालला व्हरांड्यात. तिथून पुन्हा आत. चाळीस वर्षांचा दोस्त आर्वेल स्टेगल याला इस्पितळाने घरी पाठवलं होतं, आणि असं घरी कशाला पाठवतात ते टेनेसीतल्या त्या लहानशा गावात सगळ्यांना कळत होतं. दुःख तर होतंच. पण दुःखाच्या बुडाशी आणखी एक गोष्ट हॉइटला कुरतडत होती, आणि तिची त्याला लाज वाटत होती. आर्वेलचा झाडोरा तळ्यात नक्की कुठे आहे?

तळ्याच्या बुडाला नुसता चिखल. क्रॅपी मासा काही उघड्यावर राहायचा नाही, त्याला आडोसा लागतो. म्हणून माणसं हिवाळ्यात झाडं तोडायची, बुंध्याला सिमेंटचे ठोकळे तारेने आवळायची आणि होडीतून पाण्यात सोडायची. हाच झाडोरा. पहिल्या वसंतात फांद्यांत बारकी मासळी शिरते आणि तिच्यामागे क्रॅपी. चार-पाच वर्षांत फांद्या कुजल्या, वर नवी भर पडली नाही, की मासा चालता होतो. इथे माणसाला घटस्फोट का झाला ते खुशाल विचारावं, झाडोरा कुठे ते विचारू नये. सख्ख्या भावालाही कुणी सांगत नाही.

हॉइटची टिमकी तर वेगळीच होती. पंधरा वर्षांपूर्वी त्याने पांढऱ्या ओकचा झाडोरा घातला, त्यानंतर एक काडी टाकली नाही, तरी मासा हटला नव्हता. गळाच्या आमिषाच्या दुकानात भर माणसांत तो आर्वेलला ऐकवायचा, "सीडर काय टाकतोस, येड्या? ते गवत आहे गवत. ओक टाकावा, आणि टाकणाऱ्याला अक्कल असावी." आर्वेल उकडलेल्या शेंगा सोलत हसायचा.

आता आर्वेल गेला की त्याचा झाडोरा पाण्याखाली एकटाच कुजणार. त्याने तो आपल्याला सांगावा, दुसऱ्या कुणालाही नाही, एवढंच हॉइटला हवं होतं. नाही सांगितला, तर चाळीस वर्षं कसली दोस्ती केली?

शुक्रवारी दुपारी तो एकदाचा गेला. दार आर्वेलच्या बायकोने, रूथॅनने उघडलं.

"तीन दिवस गाडी फाटकापर्यंत आणतोस आणि परत फिरवतोस," ती म्हणाली. "मी काय आंधळी आहे?"

आर्वेल खिडकीशी पलंगावर होता, चेहरा पार उतरलेला.

"बस."

"बसतो," हॉइट म्हणाला, आणि येरझाऱ्या घालत राहिला.

"विचार की एकदाचं. मेल्यावर मला ऐकू यायचं नाही."

हॉइटने टोपी हातात चुरगळली. "तुझ्या झाडोऱ्यावर भर कोण घालणार, आर्वेल?"

आर्वेलने डोळे मिटले. "होडी अशी न्यायची, की मेथॉडिस्ट चर्चचा कळस पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली दिसेल. डाव्या हाताला निळं छप्पर दिसलं की थांबायचं. बारा फूट पाणी."

हॉइट जागीच थबकला. "ही माझी जागा आहे."

"आहेच."

"मग तुझी?"

"माझी कुठली आलीय? तुझ्याच जागेवर मारले मासे. दर रविवारी सकाळी, तू चर्चमध्ये गात असायचास तेव्हा."

"चोर आहेस तू," हॉइट म्हणाला, आणि रूथॅनने पुढे केलेल्या कॉफीकडे न बघता बाहेर पडला.

डोक्यात नुसती आग. घरी जाणं शक्यच नव्हतं. त्याने होडी पाण्यात लोटली, कळस टाकीखाली आणला, निळ्या छपराशी थांबला आणि नांगर तळावरून फरपटत नेला. नांगर अडकला. अंगातलं सगळं बळ लावून ओढला तेव्हा वर फांदी आली. सीडरची, साल अजून घट्ट, गेल्याच हिवाळ्यातली. पुन्हा नांगर टाकला. आणखी सीडर, थोडं जुनं. तिसऱ्यांदा आलं तेही सीडर, साल गेलेलं, तारेसकट. ओकचा कुठे मागमूस नव्हता.

ती ओली फांदी घेऊनच तो आर्वेलच्या खोलीत शिरला. चिखल गालिच्यावर ठिबकत होता.

"मासे चोरलेस ते चोरलेस. झाडं का टाकलीस?"

"फुकट खायची सवय नाही मला."

"खरं सांग त्याला," रूथॅन दारातून म्हणाली. आर्वेलने तोंड भिंतीकडे फिरवलं, तेव्हा तीच बोलली. "तुझी लव्हेल गेली आणि दोन हिवाळे तू तळ्याकडे फिरकला नाहीस. तुझा ओक तेव्हाच कुजून गेला होता. हा म्हणाला, हॉइट ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी गळाला काही लागलं नाही, तर तो पुन्हा घराबाहेर पडायचा नाही. त्याच आठवड्यात याने सीडर तोडली. मग दर हिवाळ्यात."

दोन वर्षांनी तळ्यावर परतला त्या सकाळी हॉइटला अकरा क्रॅपी लागले होते. घरी येऊन त्याने ते मक्याच्या पिठात घोळवून तळले होते आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला होता. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ओकची फुशारकी मारली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळ्यांसमोर मी तुला काय काय बोललो. तू तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं असतं तर तू जागा बदलली असतीस," आर्वेल भिंतीला म्हणाला. "मग रविवारी मी कुठे गेलो असतो? चर्चला?"

हॉइटला हसू आलं, आणि त्यातच रडूही फुटलं. तो फांदी मांडीवर घेऊन पलंगाच्या काठावर बसला.

"उद्या कुऱ्हाड घेऊन येतो," तो रूथॅनला म्हणाला. "तुमच्या कुंपणातलं सीडर तोडायचंय. याला उशा देऊन खिडकीत बसव. मला शिव्या घालायला कुणीतरी हवं."

"कोपऱ्यातलं तोड," आर्वेल डोळे न उघडता म्हणाला. "फाटकाजवळच्याला हात लावू नकोस. ते रूथॅनला ख्रिसमसला सजवायला लागेल."