जांभळं शिंग

पुंजाराम तात्याला त्याच्याच बैलानं मारलं, असं तुम्ही ठरवलंत, फौजदारसाहेब. उभ्या उभ्या ठरवलंत, नाकाला रुमाल लावून. शर्यतीला परवानगी देणारे तुम्ही, रस्त्याची दोन्ही तोंडं बंद केली म्हणणारे तुम्ही, आणि प्रेताजवळ येऊन "बैल बुजला" म्हणणारेही तुम्हीच.

तीर्थपुरीबाहेरचा तो सिमेंटचा रस्ता अजून सुरूही झाला नव्हता. पोळ्याला सगळं गाव वेशीत असतं, रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, म्हणून मोटरसायकलवाल्यांना तोच दिवस दिलात. पण वेशीत बैल येतात कुठून, हे तुमच्यातल्या एकालाही सुचू नये? शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यांतून येतात. तात्याचा आखाडा रस्त्याच्या पलीकडं. तिकडच्या बाजूला ना दोरी होती, ना माणूस.

त्या दिवशी शिंगं रंगवली ती अंगदनं, तात्याच्या पुतण्यानं. हिंगूळ कमी पडला. एक शिंग लाल झालं. दुसऱ्याला त्यानं आपल्या वॉशिंग सेंटरातला उरलासुरला जांभळा ऑइलपेंट फासला आणि ओल्या रंगावरच सोनेरी बेगड चिकटवला. सगुणाकाकू पदरात हसली होती, "बैल हाय का नवरदेव रे? येशीतली पोरं हासतेत आता."

तात्या बैल घेऊन निघाला, पण बैल वेशीत गेलाच नाही. एकटाच घरी आला, जांभळ्या शिंगाचं टोक मोडून. तेव्हापासून काकूनं त्याच्यापुढं पाण्याची बादली ठेवली नाही. ज्यानं धनी खाल्ला त्याला दावणीला कशाला ठेवायचं, म्हणायची. येत्या बाजारी मिळेल त्याच्या हाती दावं द्यायचं ठरलं होतं.

दहावं उरकून अंगदनं दुकान उघडलं, तर दारात पिकअप. त्यात पांढरी रेसची मोटरसायकल. ती उतरवून घेत होता कल्याण, अंगदच्या वर्गातला. आता तो शर्यत भरवणाऱ्या अण्णांच्या गाड्या सांभाळायचा.

"काय रे टकलू..." म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं, केस सुतकाचे उतरवलेत. "तात्याचं लई वाईट झालं यार."

"गाडीचं बोल."

"टायरचं रबर हाय. रेसमधी गरम रबर उडतंय अन् फायबरला चिकटतंय. इतके दिवस ताडपत्रीखाली होती, वाळून दगड झालंय बघ. अण्णाच्या पोराची हाय. ओरखडा पडला तर तुझी न् माझी, दोघांची कातडी जाईन."

"मंग तवाच का न्हाई आणली?"

"आज आण म्हणले, आज आणली. मला काय माहीत?"

अंगदनं गरम पाण्याची फडकी गाडीच्या फायबरच्या कवचावर टाकली. रबर खरवडायचं नसतं. भिजवायचं, डिझेलची चिंधी फिरवायची आणि अंगठ्यानं लोळवत आणायचं. डावी बाजू निघाली. चिंधीला काळ्याबरोबर जांभळंही लागलं, तेव्हा त्याला वाटलं स्टिकरचा रंग सुटला. तो घाबरला, हलक्या हातानं सगळं पुसून काढलं आणि वर फोम मारला. फेस गटारात गेला.

कल्याणचा फोन सारखा वाजत होता. "हा अण्णा. निघून राह्यलंय. बिलकुल निघून राह्यलंय."

हेडलाइटखाली एक जाड गोळा उरला होता. अंगठ्याखाली तो हळूहळू लोळला आणि त्याखाली काहीतरी चमकलं. सोनेरी बेगड. बेगडाखाली जांभळा रंग, आणि रंगात रुतलेले बैलाचे दोन आखूड पांढरे केस.

अंगदनं सगळी गाडी फिरून पाहिली. तिच्यावर जांभळं स्टिकर कुठंच नव्हतं. मग त्यानं गटाराकडं पाहिलं. अर्धं तर त्यानं आपल्याच हातानं धुऊन टाकलं होतं.

"का थांबला?"

"कल्याण, पोळ्याच्या दिवशी ही गाडी कशाला घासली?"

"कशाला घासतीय? दुसरा नंबर आला पोराचा."

"इकडं ये. काय हाय हे?"

कल्याण वाकला. बेगड काय असतो हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याच्याही दारात बैल होते. बेगड खाली होता, रबर वर. म्हणजे शिंग मोडलं तरी गाडी थांबली नव्हती. तात्या बैलाच्या पायाखाली पडलेला असताना त्या पोरानं शर्यत पुरी केली होती.

"पूस ते," कल्याण पुटपुटला. "मला दिसलं न्हाई. तुलाबी दिसलं न्हाई. पूस."

"निघत न्हाई."

"निघत न्हाई, का काढीत न्हाईस?"

फोन पुन्हा वाजला. कल्याण अंगदच्या बोडक्या डोक्याकडं बघत बघत उन्हात गेला आणि तोंडावर हात धरून बोलू लागला.

अंगदनं चिंधी फेकली. गाडी आत, शटर खाली, कुलूप. किल्ली करदोट्याला बांधून तो बादली पालथी घालून दारातच बसला आणि त्यानं तुम्हाला फोन लावला. पहिल्यांदा तुम्ही कापलात. दुसऱ्यांदा नुसती रिंग जात राहिली.

नव्या रस्त्यावर अण्णांच्या दोन पांढऱ्या जीपगाड्या वळल्या आहेत. कल्याण धावत येतोय. "किल्ली दे, अंगद. जल्दी दे. ते येऊन राह्यलेत. मी अण्णाला सांगून बसलो रे, दे किल्ली!"

अंगद उठलेला नाही. फोन त्याच्या कानाला आहे आणि ठाण्यात तुमच्या टेबलावर तो वाजतोय. उचला. बैल बुजला म्हणालात, बुजलाच असेल. कशानं बुजला? त्या गाड्या दुकानापाशी यायच्या आत सांगा. कशानं बुजला?