सगीराबींची फियाट

फारूखभाईंच्या घरी पहिला मुलगा तन्वीर जन्मला ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. तो सव्वा महिन्याचा झाला आणि त्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात आले. त्यामुळे माझं वय कुणी विचारलं की घरातली माणसं आधी तन्वीरचं वय सांगायची. मित्रांनो, मी बदामी रंगाची फियाट मोटार आहे. आज मला मोटार म्हणावं की नाही, ते माझी हकीकत ऐकून तुम्हीच ठरवा.

मुंबईच्या कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. रंगाच्या फवाऱ्याचा गारवा आठवतो. माझ्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून "बरी बसली" म्हणणारा एक म्हातारा कारागीर आठवतो. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. फारूखभाईंचं गुलमंडीवर कापडाचं दुकान होतं. ते थांबले आणि त्यांना मी मिळाले.

माझा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूनं आहे. तो डाव्या हातानं टाकायचा. क्लचही डाव्या पायानं दाबायचा. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पहिली दोन-तीन वर्षं मला फारूखभाईच चालवत. मग त्यांच्या आईला दम्याचा त्रास सुरू झाला. भाई दिवसभर दुकानात आणि आईला घेऊन घाटी दवाखान्यात जायला घरी कुणी नाही. तेव्हा त्यांची बायको सगीराबी म्हणाल्या, "मला शिकवा." फारूखभाई हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर ते त्यांना आमखास मैदानावर घेऊन गेले. सगीराबींनी मला पहिल्याच दिवशी तीनदा बंद पाडलं आणि एकदा लिंबाच्या झाडाला टेकवलं. माझ्या पुढच्या बंपरला तो पोचा अजून आहे.

गल्लीत चेष्टा झालीच. कोपऱ्यावरचा पानवाला एकदा म्हणाला, "काय फारूखभाई, बुरख्यातला ड्रायव्हर ठेवला म्हणं?"

"ठेवला. पण पगार लई मागती," फारूखभाई म्हणाले. बाजूच्या सीटवर ते अशा ऐटीत बसले होते की पानवाला पुन्हा पानांना चुना लावायला लागला.

पुढं तर सगीराबी आणि मी त्या मोहल्ल्यात नावारूपाला आलो. मुलीची पाठवणी असली की तिची आई आमच्या दारात यायची. गाड्या दुसऱ्याही मिळत, पण त्यांना सगीराबी हव्या असायच्या. ड्रायव्हर पुरुष असला की नवरीला तोंड झाकून, आवंढे गिळत बसावं लागे. सगीराबी चालवत असल्या की मागच्या सीटवर नवरी मोकळेपणानं रडायची. सगीराबी मागं वळून बघायच्या नाहीत. म्हणायच्या, "रड बेटा, रड. सासरची गल्ली आली की सांगते, मग डोळे पूस." किती मुली माझ्यात रडल्या आणि किती जणींच्या कळा माझ्यात सुरू झाल्या, याचा हिशेब मी ठेवला नाही. मला तेल-पाणी वेळेवर मिळायचं. ईदच्या आदल्या दिवशी मला साबणानं न्हाऊ घालायचे. मोटारीला यापेक्षा जास्त काय लागतं?

मग काळ बदलला. तन्वीर नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याची बायको सदफ आणि मुलगी अरफा घरीच आजी-आजोबांजवळ राहिल्या. घरात नवी गाडी आली आणि मी भिंतीला लागून उभी राहू लागले. तरी आठवड्यातून एकदा सगीराबी मला शहागंजपर्यंत फिरवून आणत.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीच्या सुमाराला, सकाळी चहा गाळताना सगीराबी स्वयंपाकघरात पडल्या. लकवा झाला. डावी बाजू गेली. हात लुळा, पाय लुळा. बोलणं तेवढं राहिलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून घरात नेलं. माझ्याजवळून जाताना त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. फारूखभाईंनी त्यांना बघताना बघितलं. मित्रांनो, सगळं तिथंच बिघडलं. त्या नजरेचा अर्थ त्यांनी एक लावला आणि तो होता दुसराच.

फारूखभाई दुकानात गेले की दुपारच्या नमाजनंतर, सदफ जरा आडवी झाली की सगीराबी अरफाच्या खांद्यावर भार टाकून माझ्याकडं येऊ लागल्या. अरफा तेव्हा बारा वर्षांची. आजीला ती दादी म्हणायची आणि आजोबांना दादा. ती आजीला सीटवर बसवायची आणि तिचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवायची. पहिले कितीतरी दिवस तो पाय माझ्या पॅडलवर नुसता पडून राहिला. जिवंत पायाचं वजन आणि मेलेल्या पायाचं वजन वेगळं असतं. मला ते कळतं.

"हल ना गं बाई," सगीराबी पायाला म्हणायच्या. "इतकी वर्षं माझं ऐकलंस, आता काय झालं तुला?"

मग एका दुपारी अरफा ओरडली, "दादी, पॅडल हललं!"

"हललं नाय. तू ढकललंस."

"अल्लाची कसम! माझे हात बघ, वर हायेत."

खरंच वर होते. पॅडल बोटभर खाली गेलं होतं. माझी जुनी स्प्रिंग घट्ट होती आणि तिनं तो जोर ओळखला. मी कारखान्यातून निघाल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. सगीराबींच्या डोळ्यांतून पाणी आलं, कपाळावर घाम आला, आणि त्या म्हणाल्या, "दादाला सांगायचं नाय हां. ईदला गल्लीच्या तोंडापर्यंत मी गाडी नेणार, त्यांना बाजूला बसवून. तोवर गप राहायचं."

अरफा गप राहिली. पॅडल अर्ध्यावर जाऊ लागलं. डाव्या हाताची बोटं ओढणीनं गिअरला बांधून सगीराबी पहिला गिअर टाकायच्या, काढायच्या. इंजिन बंदच असायचं.

एके दिवशी फारूखभाई लवकर घरी आले. सगीराबी तेव्हा खिडकीत बसल्या होत्या. नुकत्याच माझ्यातून उठून गेलेल्या, दमलेल्या, डोळे ओले. नजर माझ्यावर होती. फारूखभाई दारातच थांबले. ही बाई रोज या गाडीकडं बघून रडते, असं त्यांच्या मनानं घेतलं. जी गोष्ट आता हिला कधी करता यायची नाही, ती हिच्या डोळ्यांपुढं कशाला ठेवायची? त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर तिला आणखी लागेल, असं त्यांना वाटलं.

कन्नड गावचे सांडूभाऊ त्यांचे जुने गिऱ्हाईक. घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता ते गुलमंडीवर याच दुकानात बांधत. माझ्यावर त्यांचा फार वर्षांपासून डोळा होता. त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून फारूखभाई मशिदीबाहेर आले आणि दुकान बंद बघून त्यांना शोधत आलेले सांडूभाऊ समोर उभे. नेहमीसारखं त्यांनी थट्टेनं विचारलं, "काय चाचा, फियाट देता का?" फारूखभाई म्हणाले, "न्या." सांडूभाऊंनी खिशातून एक नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. आमच्याकडं त्याला बयाणा म्हणतात. बयाणा घेतला की सौदा पक्का. आणि मशिदीच्या पायरीवर, चार माणसांदेखत घेतलेला बयाणा फारूखभाईंच्या घराण्यात कुणी कधी परत केला नव्हता.

हे मला रविवारी कळलं. सांडूभाऊ मला न्यायला आले, माझी टाकी कोरडी बघून डबा घेऊन पेट्रोल आणायला गेले. तेवढ्यात सगीराबी अरफाला धरून दारात आल्या.

"तन्वीरचे अब्बा, ही कुठं चालली?"

"कन्नडला."

"दुरुस्तीला?"

फारूखभाई माझा आरसा पुसत राहिले. "विकली."

अरफा रडायलाच लागली. "दादा, दादी रोज गाडीत बसती! तिचा पाय..."

"तू गप," सगीराबी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी हळू आवाजात. "माझा पाय खाली जायला लागला होता. क्लच अर्धा दबतो. ईदला तुम्हाला दाखवणार होते."

फारूखभाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मग बयाणा परत द्या की," सगीराबी म्हणाल्या. "अजून कुठं गेली गाडी?"

"जुम्मा पढून निघालो होतो, सगीरा. चार माणसं होती. जबान दिली."

"मला एक शब्द विचारला असता, तर जबान द्यायची वेळच आली नसती."

"मी व्यायामाची मशीन आणतो. सायकलवानी असती. डॉक्टरला विचारून चांगली आणतो."

"आणा," सगीराबी म्हणाल्या आणि आत गेल्या.

सांडूभाऊ डबा घेऊन परत आले तेव्हा दारात कुणी नव्हतं. काय झालं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी मला सुरू केलं. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा तो रस्ता माझ्या ओळखीचा होता, पण सगीराबींशिवाय मी तो पहिल्यांदाच गेले.

सांडूभाऊ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मला पावसाळाभर नीट वापरलं, आठवडी बाजाराला नेलं. मग त्यांचा मुलगा सत्यम यानं मोठ्या रस्त्यावर हॉटेल काढलं. त्याला दारात शोभेला जुनी गाडी हवी होती. मला सिमेंटच्या चबुतऱ्यावर चढवलं. माझं तेल गळून फरशीला डाग पडायचे, म्हणून इंजिन काढलं, गिअरबॉक्स काढला आणि भंगारवाल्याला दिला. चाकं सिमेंटमध्ये पक्की केली. लोक माझ्या बॉनेटवर बसून फोटो काढतात. मुलं टपावर नाचतात. सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. मी लांबून फार देखणी दिसते, असं सगळे म्हणतात.

त्या थंडीत फारूखभाई एसटीनं आले. केवढे वाळले होते! सांडूभाऊंसमोर ते हात जोडून उभे राहिले. "सांडूभाऊ, जबान मोडायला आलोय. माझी गाडी मला परत द्या. घरात मशीन आणून ठेवली, ती तिला पाय लावत नाय. पाय पुन्हा पहिल्यासारखा पडलाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांडूभाऊ ऐकता ऐकता खुर्चीवर बसले.

"चाचा, मी पेट्रोलला गेलो तव्हा हे झालं व्हय? अवो, मग मला का नाय बोलला? शब्द मला दिलता ना? मग तो सोडायचा बी मीच होतो. तुम्ही नुसतं म्हणाला असता, तर मी डबा तिथंच ठिवून एसटीनं आलो असतो की."

फारूखभाईंना हे सुचलंच नव्हतं. दिलेला शब्द मोडायचा नाही एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. ज्याला दिला त्याच्याकडून तो मागून घेता येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं बॉनेट उघडलं. आत मोकळी जागा, थोडा पाला आणि मुंग्या होत्या. मग त्यांनी हातानं क्लच दाबून पाहिला. पॅडल काही न अडता खाली आपटलं. त्याच्या पलीकडं आता काहीच नव्हतं.

"निदान बसायला तरी आणतो तिला," ते म्हणाले. "इंजिनाचं तिला सांगू नका."

सांडूभाऊंनी चबुतऱ्याची एक बाजू फोडली आणि खुर्ची चढेल असा उतार करून घेतला. सत्यम कुरकुरला, तर त्याला म्हणाले, "तुझी फरशी घाल चुलीत."

उन्हाळ्याच्या तोंडाला सगीराबी आल्या. फारूखभाईंनी त्यांना माझ्या सीटवर बसवलं. अरफानं पाय उचलून क्लचवर ठेवला. मित्रांनो, तो पाय पुन्हा मेलेल्या पायासारखा जड झाला होता. नुसत्या त्या भारानं पॅडल तळाला गेलं.

"बघ!" फारूखभाई म्हणाले. "बघ सगीरा, पुरता गेला खाली!"

सगीराबींनी स्टेअरिंग हलवून पाहिलं.

"पाय गेलाय माझा, अक्कल नाय गेली," त्या म्हणाल्या. "उभी हयात ही गाडी चालवली मी. हिच्यात आता काय नाय. हिला आतून रिकामी केली ना?"

सांडूभाऊ मान फिरवून रस्त्याकडं बघू लागले. सगीराबींनी उजव्या हातानं माझ्या डॅशबोर्डवरची धूळ पुसली, बोटं पदराला पुसली, आणि म्हणाल्या, "चला घरी. ऊन लागतंय पोरीला."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फारूखभाई मात्र अधूनमधून येतात. उतारावरून हळूहळू वर चढतात, बाजूच्या सीटवर बसतात आणि चहा न घेता निघून जातात. ड्रायव्हरच्या सीटवर ते कधी बसत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू भिंतीला लागून उभी असेल. ती धुवा, पुसा, तिला तेल द्या, हे तर मी सांगतेच. पण ती कुणाला द्यायची ठरवाल, तेव्हा आधी ती ज्याच्या हाताखाली झिजली त्याला विचारा. त्याला वाईट वाटेल म्हणून गप राहू नका. आणि तुमच्याकडून चुकून शब्द गेलाच, तर ज्याला दिला त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि तो परत मागा. मागायला लाजू नका. फारूखभाई लाजले.

सगीराबी चौदा जून दोन हजार तेवीस रोजी, बुधवारी सकाळी, आपल्या घरी वारल्या.